पत्रिकेतला हर्षल आणि अंगणातली दुर्बीण



माझ्या आत्याने जपून ठेवलेल्या माझ्या जन्मपत्रिकेत एका घरात रवी, बुध यांच्या शेजारी ‘हर्षल’ असं लिहिलंय. लहानपणी मला वाटायचं, हा कुणीतरी आपला जुना पौराणिक ग्रह असणार. नाव तर अगदी मराठी आहे, आमच्या वर्गात दोन हर्षल होते! इंजिनिअरिंगला गेल्यावर कळलं की हा हर्षल म्हणजे युरेनस. आणि हर्षल हे नाव आलं विल्यम हर्शेल या माणसाच्या आडनावावरून. हा माणूस शास्त्रज्ञ म्हणून शिकलेला नव्हता. तो बॅण्डमध्ये वाजवायचा. स्वतःच्या घरी दुर्बीण बनवली, घरामागच्या बागेत उभी केली आणि एक अख्खा ग्रह शोधून काढला.

आज त्याची गोष्ट सांगतो. कारण चार वर्षांपूर्वी पहिल्या बोनसमधून मी एक दुर्बीण ऑनलाइन मागवली होती. डब्यावर मोठ्या अक्षरात ५२५ पट असं छापलेलं. गच्चीवर लावली, शनी शोधायला दोन तास गेले, सापडला तेव्हा एक थरथरणारा पिवळा ठिपका दिसला. ट्रायपॉडला हात लागला की ग्रह गायब. महिन्याभरात ती माळ्यावर गेली. हर्शेलबद्दल मी आधी वाचलं असतं, तर ते पैसे वाचले असते. तुमचे तरी वाचावेत!

बॅण्डवाल्याचा मुलगा

विल्यमचा जन्म १५ नोव्हेंबर १७३८ चा, जर्मनीतल्या हॅनोव्हर शहरातला. वडील आयझॅक हे सैन्याच्या बॅण्डमध्ये ओबो वाजवायचे. ओबो म्हणजे आपल्या सनईच्या जातीतलं वाद्य. घरात पैसा बेताचा, पण संगीत आणि गप्पा भरपूर. वडिलांना आकाशाची आवड होती, मुलांना ते तारे दाखवायचे. विल्यमही कोवळ्या वयात त्याच बॅण्डमध्ये लागला.

१७५७ मध्ये युद्धात हॅनोव्हरच्या बाजूचा पराभव झाला. विल्यम तेव्हा १८ वर्षांचा. तो भाऊ याकोबबरोबर इंग्लंडला निघून गेला. सुरुवातीला स्वरलिपीच्या नकला करून पोट भरलं. पुढे उत्तर इंग्लंडमध्ये वाजवणं, शिकवणं, रचना करणं असं करत करत तो १७६६ मध्ये बाथ या शहरात ऑर्गनवादक म्हणून आला. बाथ म्हणजे तेव्हाच्या श्रीमंत लोकांचं हवापालटाचं ठिकाण. तिथे त्याचं चांगलं बस्तान बसलं. दिवसभर शिकवण्या, चर्चमध्ये ऑर्गन, संध्याकाळी मैफली. त्याने २४ सिंफनी लिहिल्यात. म्हणजे दुर्बिणीला हात लावायच्या आधीच हा माणूस आपल्या क्षेत्रात सेटल झालेला होता.

१७७२ मध्ये त्याने धाकट्या बहिणीला, कॅरोलिनला, बाथला आणलं. लहानपणी टायफसच्या तापाने तिची वाढ खुंटली होती, उंची जेमतेम सव्वाचार फूट. आता हिचं लग्न काही होणार नाही, असं घरच्यांनी धरून तिला घरकामाला जुंपलं होतं. विल्यमने तिला गायन शिकवलं आणि ती खरोखर चांगली गायला लागली. मैफलींमध्ये मुख्य गायिका म्हणून तिचं नाव होऊ लागलं. हे लक्षात ठेवा, पुढे याचा संबंध येणार आहे.

आधी भाड्याने, मग विकत, मग घरी

संगीतातल्या स्वरांचं गणित समजून घ्यायला विल्यम एक पुस्तक वाचत होता. लेखक रॉबर्ट स्मिथ. याच लेखकाचं प्रकाशशास्त्रावरचं जाडजूड पुस्तक होतं, ते त्याने पुढे घेतलं. त्यात दुर्बिणी कशा बनवतात ते होतं. १७७३ च्या मे महिन्यात खगोलावरचं एक पुस्तक विकत घेतलं आणि मग सुटलाच. वय ३४. आपल्याकडे या वयात लोक म्हणतात, आता कुठे नवीन काही शिकायचं!

पहिल्यांदा त्याने भिंगांच्या दुर्बिणी करून पाहिल्या. साध्या एका भिंगातून प्रकाश गेला की वेगवेगळे रंग वेगवेगळ्या अंतरावर एकत्र येतात, त्यामुळे ताऱ्याभोवती रंगीत कडा दिसतात. हा दोष कमी करायचा तर नळी खूप लांब करावी लागते. त्याने ती १२ फूट, १५ फूट, अगदी ३० फूटसुद्धा करून बघितली. पण एवढी लांब नळी सरळ ठेवायची कशी? ती वाकायची, हलायची. वैतागून त्याने आरशाची छोटी दुर्बीण भाड्याने आणली. आरशावरून प्रकाश परावर्तित होतो, भिंगातून जात नाही, म्हणून रंगांची भानगडच नाही. झालं, त्याला रस्ता सापडला.

त्याला मोठा आरसा हवा होता. चौकशी केली तर परवडेल अशा किमतीत कुणी बनवून देईना. बाथमध्येच एक गृहस्थ हौस म्हणून आरसे घासायचे, त्यांनी छंद सोडला होता. विल्यमने त्यांची हत्यारं, साचे, अर्धवट आरसे सगळं विकत घेतलं. सेकंडहॅण्ड माल घेऊन सुरुवात करायची पद्धत जुनीच आहे.

घराचा कारखाना

तेव्हाचा दुर्बिणीचा आरसा काचेचा नसायचा. तांबं आणि कथील वितळवून एक पांढुरका, ठिसूळ मिश्रधातू करायचे, त्याची जाड चकती ओतायची, मग ती घासून आत खोलगट करायची आणि शेवटी डांबराच्या थरावर पॉलिश करायची. खोलगटपणाचा आकार गोलाचा तुकडा असून चालत नाही, तो पॅराबोला लागतो. या दोन आकारांतला फरक मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही बारीक असू शकतो. तो डोळ्यांनी दिसत नाही, हाताला लागत नाही. थोडं घासायचं, दुर्बिणीत बसवून तारा बघायचा, परत घासायचं. आपल्या भाषेत सांगायचं तर कोड, टेस्ट, परत कोड. फक्त इथे अन्डूचं बटण नव्हतं.

घराची पार दशा झाली. दिवाणखान्यात सुतार नळी आणि स्टॅण्ड बनवतोय, झोपायच्या खोलीत लेथ मशीन. भाऊ अलेक्झांडर यंत्रकामात हुशार होता, तो लेथवर बसायचा. मैफलीतून घरी आलेला विल्यम कपडेसुद्धा न बदलता आरशाला भिडायचा. शेवटच्या पॉलिशच्या वेळी हात थांबला तर आकार बिघडेल, या भीतीने एकदा तो सलग १६ तास आरशावरून हात न उचलता घासत होता. कॅरोलिनने त्याला घास भरवले आणि कंटाळा येऊ नये म्हणून गोष्टींची पुस्तकं वाचून दाखवली.

१ मार्च १७७४ ला त्याने निरीक्षणांची वही सुरू केली. पहिल्या नोंदींमध्ये शनीचं कडं आणि मृग नक्षत्रातला तेजोमेघ आहे. आज नवीन दुर्बीण घेतलेला कुणीही पहिल्यांदा साधारण याच गोष्टी बघतो!

सात फुटी दुर्बीण : स्पेसिफिकेशन

ज्या दुर्बिणीने नाव झालं, तिचं स्पेसिफिकेशन आपण फोनचं बघतो तसं बघूया.

आरशाचा व्यास ६.२ इंच, म्हणजे साधारण १५७ मिमी. याला अपर्चर म्हणतात. दुर्बिणीत सगळ्यात महत्त्वाचा आकडा हाच, कारण प्रकाश किती गोळा होणार हे यावर ठरतं. अंधारात आपल्या डोळ्याची बाहुली फार तर ७ मिमी उघडते. १५७ भागिले ७, त्याचा वर्ग केला की उत्तर येतं ५०० च्या आसपास. हर्शेलचा धातूचा आरसा बराच प्रकाश खाऊन टाकायचा, त्यामुळे प्रत्यक्षात फायदा याच्या निम्म्याहूनही कमी होता. तरी डोळ्याच्या कितीतरी पट. फोनमध्ये मोठा सेन्सर असेल तर रात्रीचा फोटो चांगला येतो ना, तसंच हे.

आरशाची फोकल लेन्थ ७ फूट, म्हणजे सुमारे २१३० मिमी. आता गंमत बघा. किती पट मोठं दिसणार हा आकडा दुर्बिणीचा नसतोच. आरशाच्या फोकल लेन्थला आयपीसच्या फोकल लेन्थने भागलं की तो मिळतो. आयपीस म्हणजे जिथे डोळा लावतो ते छोटं भिंग. साधारण ९.४ मिमीचा आयपीस लावला की हर्शेलला २२७ पट मिळायचे. त्याच्या निम्म्या फोकल लेन्थचा लावला की ४६०. म्हणजे बारीक आयपीस लावून कुठल्याही दुर्बिणीवर कितीही पट छापता येतात. माझ्या डब्यावरचे ५२५ असेच आलेले!

पण चित्रात तपशीलच नसेल तर मोठं करून काय उपयोग? फोनमध्ये डिजिटल झूम १०० पट केलं की काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. ढोबळ नियम असा : अपर्चर मिमीमध्ये घ्या, दुप्पट करा, त्याच्या वर जाऊ नका. माझ्या ७६ मिमीच्या दुर्बिणीला फार तर १५० पट झेपले असते. हर्शेलच्या दुर्बिणीची या हिशेबाने मर्यादा ३१४. त्याने याच्या कितीतरी वरचे आकडे वापरले, अगदी हजारांच्या घरातले, आणि त्यावरून तेव्हाचे नावाजलेले लोकसुद्धा त्याच्यावर शंका घेत होते. पण एका रात्री त्याच जादा पटींनी काम केलं.

तिसरी गोष्ट स्टॅण्ड. त्याचं लाकडी स्टॅण्ड भक्कम होतं आणि नळी हळूहळू सरकवायची सोय होती. पृथ्वी फिरते, त्यामुळे जास्त पटीत तारा काही सेकंदांत नजरेबाहेर जातो. स्टॅण्ड डळमळीत असेल तर बाकी सगळं फुकट.

१३ मार्च १७८१

विल्यम उगाच इकडे तिकडे बघत बसायचा नाही. त्याचा एक प्रोजेक्ट होता. एकमेकांच्या अगदी जवळ दिसणारे जोडतारे शोधायचे, आणि त्यावरून ताऱ्यांचं अंतर मोजता येतं का ते पाहायचं. त्यासाठी तो आकाशातले ठरावीक तेजापर्यंतचे सगळे तारे एकेक करून तपासत होता. दिसेल त्या ताऱ्यावर थांबायचं, तो एक आहे की दोन ते बघायचं, वहीत लिहायचं, पुढे जायचं.

१३ मार्च १७८१, रात्री दहा ते अकराच्या मध्ये, बाथमधल्या १९ न्यू किंग स्ट्रीट या घरामागच्या बागेत तो वृषभ आणि मिथुन राशींच्या सीमेवरचे तारे तपासत होता. एक तारा बाकीच्यांपेक्षा मोठा वाटला. आयपीसमध्ये २२७ पट लावलेले होते. त्याने ४६० लावले. मग ९३२.

इथे थोडं थांबूया. तारे इतके लांब आहेत की कितीही पट लावले तरी ते खऱ्या अर्थाने मोठे होत नाहीत, ठिपकाच राहतात. हा मात्र प्रत्येक आयपीसबरोबर त्याच प्रमाणात मोठा होत गेला. म्हणजे याला थाळीसारखा आकार आहे. ४६० पटीला तो जवळजवळ आपल्याला साध्या डोळ्यांनी पौर्णिमेचा चंद्र दिसतो तेवढा दिसला असणार, फक्त फिकट. चार दिवसांनी बघितलं तर जागा बदललेली. विल्यमला वाटलं, धूमकेतू सापडला. त्याने तसंच कळवलं.

कक्षेचं गणित करणाऱ्यांनी पुढच्या महिन्यांत दाखवलं की हा धूमकेतू नाही. याची कक्षा जवळजवळ वर्तुळाकार आहे आणि शनीच्याही पलीकडे, सूर्यापासून शनीच्या जवळपास दुप्पट अंतरावर. हजारो वर्षं माणसाला माहीत असलेल्या यादीत एका नवीन ग्रहाची भर पडली होती. अंधाऱ्या रात्री तीक्ष्ण नजरेला हा ग्रह दुर्बिणीशिवायही दिसू शकतो. फ्लॅमस्टीड या मोठ्या खगोलज्ञाने १६९० मध्ये तो पाहून तारा म्हणून यादीत टाकलाही होता. फ्रान्समध्ये ल मॉनिएने तो अनेकदा नोंदवला, पण ओळखला नाही. हर्शेलने ओळखला, कारण आरसा इतका चांगला घासला होता की ठिपका आणि थाळी यांतला फरक दिसला, आणि प्रत्येक तारा तपासायची शिस्त होती.

नावावरून बरीच वर्षं घोळ चालला. हर्शेलने राजा तिसऱ्या जॉर्जचं नाव दिलं, ते इंग्लंडबाहेर कुणाला रुचलं नाही. जर्मनीतल्या बोडेने युरेनस सुचवलं, तेच पुढे टिकलं. पण कित्येक वर्षं बरेच लोक ग्रहालाच हर्शेल म्हणत राहिले, आणि तेच नाव आपल्या पत्रिकेत येऊन बसलं.

लीद, वितळलेला धातू आणि पळापळ

एवढं यश मिळाल्यावर माणूस जरा विसावा घेईल ना? त्याच वर्षी ऑगस्टमध्ये याने घराच्या तळघरात तीन फुटी आरसा ओतायला घेतला. साचा मातीचा, त्यात घोड्याची लीद मिसळलेली. ती लीद खलात कुटून चाळायचं काम अर्थातच कॅरोलिनकडे होतं. धातू ओतला आणि गळती लागली. तापलेला रस फरशीवर पसरला, फरशीचे दगड उष्णतेने फुटून छतापर्यंत उडाले. सगळे जीव घेऊन पळाले, विल्यम थकून विटांच्या ढिगावर पडला. नशिबाने कुणाचा जीव गेला नाही.

त्याच्याकडे ना पदवी होती ना पद. त्याला पुढे आणणारी ओळखसुद्धा रस्त्यावर झाली होती. १७७९ च्या अखेरीस तो घरासमोर रस्त्यात दुर्बीण लावून चंद्र बघत होता. जाणाऱ्या एका गृहस्थाने मी बघू का असं विचारलं. ते होते विल्यम वॉटसन, रॉयल सोसायटीचे सदस्य. त्यांच्यामुळेच त्याचे लेख लंडनपर्यंत पोहोचले. गच्चीवर दुर्बीण लावली आणि शेजारच्या काकांनी डोकवू दे म्हटलं तर दाखवा, एवढंच सांगतो.

१७८२ मध्ये त्याने सात फुटी दुर्बीण ग्रिनिचला नेली. सरकारी वेधशाळेतल्या दुर्बिणींशी तुलना झाली आणि घरी बनवलेली दुर्बीण सरस ठरली. राजाने वर्षाला २०० पौंड मानधन दिलं. संगीतातून याहून जास्त मिळत होतं. तरी विल्यमने नोकरी आणि शिकवण्या सोडल्या. ४३ वर्षांचा माणूस पगार कमी करून आवडीचं काम धरतोय. आपल्यातल्या किती जणांना हे जमेल, माहीत नाही. मला अजून जमलेलं नाही. पैसे कमी पडायचे म्हणून तो दुर्बिणी बनवून विकायचा. आयुष्यात त्याने ४०० हून जास्त आरसे केले.

कॅरोलिनचं काय?

विल्यमने संगीत सोडलं, त्याबरोबर कॅरोलिनचं गाणंही संपलं. तिला दुसरीकडे गायचं आमंत्रण आलं होतं, ते तिने नाकारलं होतं, कारण भावाशिवाय कुठे गायचं नाही असं तिने ठरवलं होतं. आता भाऊच गाणं सोडून आकाशाकडे वळला. तिला कुणी विचारलं असेल असं वाटत नाही. विल्यमची गोष्ट छंदाची आहे, तिची तशी नाही. प्रतिभावान माणसाच्या छंदाचं बिल घरातलं कुणीतरी भरत असतं, हे मला तिच्याबद्दल वाचताना जाणवत राहिलं.

पण ती नुसती मदतनीस राहिली नाही. २० फुटी मोठ्या दुर्बिणीवर विल्यम वर मचाणावर उभा राहायचा, आकाशाचा पट्टा सरकत जाईल तसं दिसेल ते ओरडून सांगायचा. खाली खिडकीशी कॅरोलिन घड्याळ, नकाशा आणि वही घेऊन बसायची. त्याने स्वतः लिहायचं ठरवलं असतं तर दिव्याच्या उजेडाने डोळ्यांची अंधाराची सवय मोडली असती, आणि ती परत यायला बराच वेळ लागतो. (दुर्बिणीजवळ फोन काढताना स्क्रीन लाल करतात ती यासाठीच.) या जोडीने सुमारे २५०० तेजोमेघ आणि तारकागुच्छ नोंदवले. १७८३ च्या शेवटच्या रात्री बर्फात धावताना तिच्या पायात लोखंडी आकडा घुसला, मांसाचा तुकडा निघाला. काही दिवसांनी ती परत कामावर.

स्वतःच्या छोट्या दुर्बिणीतून तिने १७८६ ते १७९७ या काळात आठ धूमकेतू शोधले. १७८७ पासून तिला राजाकडून वर्षाला ५० पौंड पगार मिळू लागला. विज्ञानाच्या कामासाठी पगार मिळवणाऱ्या अगदी सुरुवातीच्या स्त्रियांमध्ये तिचं नाव येतं. ७८ व्या वर्षी तिला लंडनच्या खगोल संस्थेचं सुवर्णपदक मिळालं, आणि ती ९७ वर्षं जगली.

सगळ्यात मोठी म्हणजे सगळ्यात चांगली?

आता अपग्रेडचा किडा. हा आपल्यालाच चावतो असं नाही. हर्शेलने राजाकडून एकूण ४००० पौंड मिळवून ४० फूट लांबीची, ४ फूट व्यासाच्या आरशाची अजस्र दुर्बीण बांधायला घेतली. एक आरसा पातळ झाला, एक थंड होताना तडकला, मग एक जमला. वजन टनाच्या घरात. १७८९ मध्ये ती पूर्ण झाली आणि लगेच शनीचा एन्सेलॅडस हा चंद्र तिच्यातून नोंदवला गेला, पाठोपाठ मिमास.

पण ती हलवायलाच माणसं लागायची, तयार होईपर्यंत चांगली रात्र निघून जायची. धातूचा आरसा ओलसर हवेत काळवंडायचा, मग उतरवून परत पॉलिश, आणि पॉलिश म्हणजे आकार नव्याने आणायचा. लोक ती बघायला लांबून यायचे, चित्रं छापली गेली. कामाची दुर्बीण मात्र २० फुटीच राहिली. बहुतेक नोंदी तिच्यावरच्या आहेत. जी दुर्बीण पाच मिनिटांत बाहेर काढता येते तीच वापरली जाते. हा धडा ४००० पौंडांचा आहे, आपल्याला फुकट मिळतोय.

तो चुकलाही भरपूर. चंद्रावर वस्ती आहे असं त्याला वाटायचं, सूर्यावरही असेल असं त्याने लिहिलं. युरेनसचे त्याने सहा चंद्र सांगितले, त्यातले दोनच खरे निघाले. जोडताऱ्यांवरून अंतर मोजायचा मूळ प्रोजेक्ट तर फसलाच. पण वीस-पंचवीस वर्षांच्या नोंदी पुन्हा तपासल्यावर त्याला दिसलं की यातले काही तारे खरोखर एकमेकांभोवती फिरतायत. म्हणजे गुरुत्वाकर्षण आपल्या सूर्यमालेबाहेरही चालतं. जुना डेटा नीट ठेवला होता म्हणून हे कळलं!

फिल्टर शोधता शोधता

१८०० मध्ये तो दुर्बिणीतून सूर्य बघण्यासाठी रंगीत काचा तपासत होता. (आधीच सांगतो, योग्य सोलर फिल्टर पुढच्या तोंडावर लावल्याशिवाय दुर्बीण सूर्याकडे वळवायचीच नाही. डोळा कायमचा जातो.) त्याच्या लक्षात आलं की काही काचांमधून उजेड कमी येतो तरी उष्णता जास्त लागते, काहींचं उलट. मग त्याने लोलकातून सूर्यप्रकाशाचे रंग पाडले आणि एकेका रंगात थर्मामीटर ठेवला. जांभळ्याकडून लालकडे तापमान वाढत गेलं. लालच्या पलीकडे, जिथे काहीच दिसत नाही, तिथे ठेवलेला थर्मामीटर सगळ्यात जास्त चढला. हेच इन्फ्रारेड. टीव्हीचा रिमोट फोनच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. बऱ्याच फोनमध्ये जांभळट ठिपका चमकताना दिसेल. काही फोनचं फेस अनलॉकही याच अदृश्य प्रकाशावर चालतं. दुर्बिणीची एक ॲक्सेसरी शोधताना हे सापडलं.

२५ ऑगस्ट १८२२ ला स्लाव येथे विल्यम गेला. वय ८३, चौऱ्याऐंशीला तीन महिने कमी. युरेनसला सूर्याभोवती एक फेरी मारायला ८४ वर्षं लागतात.

मग आपण काय घ्यायचं?

माळ्यावरची ती दुर्बीण मी शेवटी एका शाळकरी मुलाला दिली, चंद्र बघायला ती पुरते. गेल्या वर्षी एका हौशी माणसाकडून ६ इंची, १२०० मिमी फोकल लेन्थची जुनी डॉब्सोनियन घेतली. लाकडी खोक्यावर फिरणारी साधी रचना, डळमळ नाही. आरसा जवळजवळ हर्शेलच्या सात फुटीएवढाच, पण काचेचा, ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेला, त्यामुळे प्रकाश जास्त. २५ मिमी आयपीसला ४८ पट, १० मिमीला १२०. बहुतेक रात्री एवढं पुरतं.

घेणार असाल तर एवढंच बघा : आधी अपर्चर, मग स्टॅण्ड, मग दोन बरे आयपीस. पटींचा आकडा मोठ्या अक्षरात छापलेला दिसला की दुकान बदला. घ्यायच्या आधी एखाद्या खगोलप्रेमी मंडळाच्या आकाशदर्शनाला जा, दुसऱ्यांच्या दुर्बिणीतून बघा. कदाचित साधी द्विनेत्री दुर्बीणच तुम्हाला पुरेल.

मागच्या थंडीत गावच्या गच्चीवरून, ॲपची मदत घेऊन, मी वृषभ राशीत कृत्तिकांच्या खाली युरेनस शोधला. ४८ पटीला तो साधा तारा वाटला. १० मिमीचा आयपीस लावला आणि तो किंचित हिरवट, किंचित रुंद झाला. आत्याला बोलावून दाखवला. तिने बराच वेळ बघितलं आणि विचारलं, पत्रिकेतला तो हाच का? म्हटलं, हाच.

१७८१ पासून ८४ वर्षांच्या तीन फेऱ्या मोजल्या तर २०३३ येतं. त्या सुमारास हा ग्रह वृषभ आणि मिथुनच्या सीमेवर पुन्हा तिथेच असेल, जिथे बाथच्या त्या बागेतून दिसला होता. दुर्बीण निवडायला तुमच्याकडे तोपर्यंत भरपूर वेळ आहे.